मागच्या मांडीचं द्या!

आमच्या घराण्याची नोंद दोन ठिकाणी आहे. एक त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीत, दुसरी बारामतीच्या चाचांच्या डोक्यात. कोण कधी गेलं ते उपाध्ये सांगतात. जायच्या आधी कोण किती मटण खात होतं ते चाचा.

चाचांचं दुकान त्यांच्या पणजोबांपासूनचं. मूळचं घराणं मुलाण्याचं. जत्रेत बोकड देवाला आपण सोडायचा, त्याच्यावर सुरी मुलाण्यानं चालवायची आणि आपला वाटा न्यायचा, ही बलुतेदारीतली जुनी वहिवाट. पुढं बलुतं गेलं, वाटा गेला, गाळा आला. चिंचेचा ओंडका मात्र अजून आजोबांच्या वेळचा. घाव सोसून मधोमध खोलगट झालाय, पण वयाचा मान राखून त्याला कुणी हलवत नाही.

रविवारी सकाळी रांगेतला प्रत्येक जण एकच मागणी करतो : “मागच्या मांडीचं द्या, चरबी नको, हाडं लावू नका, नळ्या मात्र टाका. आणि कलेजीचा तुकडा वर.” नळी हाडातच असते, हे गिऱ्हाइकाला सांगायचं धाडस चार पिढ्यांत कुणी केलेलं नाही. बोकडाला मागच्या मांड्या दोन आणि कलेजी एक. तरी रांगेतलं शेवटचं माणूससुद्धा मांडीचंच मटण घेऊन समाधानानं घरी जातं. मोरोपंतांनी याच गावात राहून एका रामायणाची एकशे आठ रामायणं केली म्हणतात. चाचा एका मांडीच्या तेवढ्या मांड्या करतात. गावच्या पाण्याचाच गुण असावा.

आषाढी वारीत काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. चाचा दुकान बंद ठेवून ते बघायला जातात. एकदा कुणीतरी चेष्टेनं विचारलं, “चाचा, ती पुढची किती भरंल?” चाचा म्हणाले, “आज ती वारकरी हाय. वारकऱ्याचं वजन इचारू नये.” एकादशी उरकली, की उरलेला आखाड आमचा. श्रावणाचा सगळा उपास आम्ही आखाडातच आगाऊ फेडून टाकतो.

चाचांचा मुलगा इंजिनियर झाला आणि दुकानातच बसला. त्यानं भिंतीवर क्यूआर कोड लावला, डिजिटल काटा आणला. तरी लोक म्हणतात, “पोरा, अब्बा कुठंयत? त्यांच्या हातचं दे.” पोरगा आता चाळिशीचा आहे. चाचा त्याची समजूत घालतात, “मला पन्नाशीपर्यंत पोऱ्याच म्हणत होते. केस पिकू दे.”

माझं लग्न जमलं तेही या दुकानातच. सासरे इंदापूरचे, उजनीच्या मासळीवर पोसलेले. पत्रिका खिशातच ठेवून ते चौकशीला थेट चाचांकडं गेले. चाचांनी सांगितलं, “दर रविवारी दीड किलो. काट्यावर घासाघीस नाही. पणजोबापासून सगळा रोखीचा व्यवहार.” एवढ्यावर सासऱ्यांनी तिथंच सुपारी फोडायची तयारी दाखवली.

तेव्हापासून ते दर रविवारी लेकीला भेटायला येतात. स्टँडवरून आधी दुकानात जातात, मागच्या मांडीचं घेतात, नळ्या मोजून टाकायला लावतात आणि म्हणतात, “जावयाच्या नावावर मांडा.” चार पिढ्यांत आमच्या घराण्याच्या नावावर उधारी नव्हती. ती इंदापूरहून आली.