कॉर्पसकाका

सोसायटीतली पोरं त्यांना पाठीमागे कॉर्पसकाका म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि त्याचं दुःख नाही. दुःख एवढंच, की कॉर्पस, म्हणजे निवृत्तीसाठीची पुंजी, अजून नावाला शोभेल इतका झालेला नाही.

वय ५२, नोकरी खासगी, निवृत्ती साठाव्या वर्षी. दर रविवारी चहा झाला की लॅपटॉप उघडतो आणि त्यात ‘निवृत्ती अंतिम नवीन ३’ नावाची एक्सेल शीट. चोख काम, पैसासुद्धा सुटत नाही. फक्त तीन चौकटी पिवळ्या आहेत: महागाई, परतावा आणि मृत्यू. बाकी सगळं सूत्रानं येतं, या तीन मात्र काकांच्या मूडप्रमाणे भरल्या जातात.

महागाईची चौकट भाजीवाला ठरवतो. सरकारनं रिझर्व्ह बँकेला ४ टक्क्यांचं लक्ष्य दिलंय, दोन टक्के इकडेतिकडे. काका सावधपणे ६ धरतात. पण कोथिंबिरीची जुडी चाळीसला पडली, की त्या रविवारी ७. हा एक टक्का दिसायला गरीब. काका पंच्याऐंशीचे होतील तेव्हा आजचा महिन्याचा ५० हजारांचा खर्च ६ टक्क्यांनी जातो ३ लाख ४२ हजारांवर आणि ७ टक्क्यांनी ४ लाख ६६ हजारांवर. एका जुडीपायी महिन्याला सव्वा लाखाचं भगदाड! मग दिवसभर घरात पंखा एकवर.

परताव्याच्या चौकटीवर सेन्सेक्सचं राज्य. चढला की १२, आपटला की ८. “मी नोकरीला लागलो तेव्हा नुसत्या पीएफवर बारा टक्के होते!” होते खरे, पण त्याच दशकात काही वर्षं महागाईही दोन आकडी होती, हे सांगायला गेलं की काका पाणी प्यायला उठतात. २०२३-२४ मध्ये पीएफनं ८.२५ टक्के दिले, महागाई साडेपाचच्या आसपास. हातात उरतात पावणेतीन. खरं तर काकांनी ही वजाबाकी तेवढी धरावी, दोन्ही आकडे वेगवेगळे फुगवण्यात अर्थ नाही. पण वजाबाकीत रविवार जात नाही.

ईपीएसची, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शनची, ओळ ते दात ओठ खात भरतात. १५ हजारांच्या मर्यादेतला पगार, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. वर महागाई भत्ता शून्य. म्हातारपणी ही पेन्शन जुड्यांतच मोजावी लागणार.

गेल्या रविवारी शीट काही केल्या जुळेना. काकांनी दाराकडे एकदा पाहिलं आणि तिसऱ्या चौकटीत ८५ चे हळूच ८२ केले. लाल आकडा हिरवा झाला. नेमक्या तेव्हाच काकू भिंग लावल्यासारख्या पडद्यावर वाकल्या.

“अहो, तुम्ही ब्याऐंशीला जाणार. मग माझा रकाना कुठाय?”

“तोच. दोघांचा एकत्र आहे.”

“म्हणजे मी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तुमच्याबरोबरच? सती जायचंय का मला? माझी आई ९१ ची होऊन गेली!”

काकांनी निमूटपणे काकूंना तेरा वर्षं वाढवून दिली आणि परतावा साडेबारा केला.