दत्तक गाव, सात दिवसांचं

आपल्या विद्यापीठांचं आजूबाजूच्या खेड्यांवर प्रेम आहे, याबद्दल कुणी शंका घेऊ नये. ते हिवाळ्यात उफाळून येतं आणि आठव्या दिवशी ओसरतं. राष्ट्रीय सेवा योजनेचं विशेष शिबिर सात दिवसांचंच असतं ना!

गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या सुमारास, १९६९ साली, ३७ विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास सेवा करायची. कल्पना चांगलीच, कित्येक पोरांनी पहिल्यांदा कुदळ हातात धरली ती तिथेच. पण पुढे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारं नॅक आलं आणि 'विस्तारकार्या'ला गुण मिळू लागले. आता गावात आधी फलक पोहोचतो, मग घमेली-फावडी. झाडायचा तो ग्रामपंचायतीसमोरचा चौक, जो शिपायाने सकाळीच झाडलेला असतो. झाडू खाली, चेहरे मोबाइलकडे. फोटोवर अक्षांश-रेखांश उमटले की स्वच्छता संपली. मग प्राचार्यांचं 'खेड्याकडे चला'. बाहेर त्यांची गाडी सुरूच असते.

सर्वेक्षण तर ठरलेलंच. शौचालय आहे का, शिकलेले किती, चूल की गॅस? तिसऱ्या महाविद्यालयाची पोरं दारात आली की म्हातारीच विचारते, "मागच्यांनी लिहून नेलं, त्याचं काय झालं रे?" प्रश्नावलीत याला रकाना नसतो.

२०१४ साली सुरू झालेल्या उन्नत भारत अभियानात तर एकेका संस्थेने किमान पाच गावं दत्तक घ्यावीत अशी अपेक्षा आहे. म्हणजे पाच फलक. सरपंचांनी एवढंच करावं: दत्तकपत्रावर सही करण्याआधी गेल्या सर्वेक्षणाची प्रत मागून घ्यावी.