पोळा झाला, पुढे काय?

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे मळतात. गरम पाण्याने शेकतात, हळद-तूप चोळतात, दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. मग अमावास्येला झूल, बाशिंग, गोंडे, वाजतगाजत मिरवणूक. श्रमाची अशी जाण ठेवणारा सण आपल्याकडे आहे, याचा अभिमान वाटायलाच हवा. पण सण संपला की त्याच खांद्यावर पुन्हा जू चढतं. ते जू कसलं आहे, कुठे घासतं, हे कोण बघतं?

खांदेमळणी म्हणजे जुन्या माणसांनी सणात बसवून दिलेली तपासणी. हात फिरवला की सूज कळते, गाठ कळते, सोललेलं कातडं कळतं. मग ती वर्षातून एकदाच का? रोज जू उतरवल्यावर खांद्यावरून हात फिरवायला मिनिटभर लागतं.

पैसे तर लागतच नाहीत.

आणि हो, पुरणपोळी जपून. कडबा-वैरणीची सवय असलेल्या पोटात एकदम पोळ्या, कणकेचे गोळे आणि गूळ गेला की आम्ल वाढतं, रवंथ थांबतं, जनावर चारा टाकतं. पोळ्यानंतर गुरांच्या डॉक्टरांची धावपळ होते ती यामुळेच. नैवेद्याची एक पोळी पुरे. उरलेल्या पोळ्या त्याला वर्षभर वैरण घालणाऱ्या गड्याच्या घरी पोचवा.

आता उसाकडे वळू. दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू होतं आणि बीड, नगरकडची बिऱ्हाडं गाड्या-बैलांसह कारखान्यांच्या रस्त्याला लागतात. डोंगराएवढी भरलेली गाडी चढाला अडते. बैल पुढचे गुडघे टेकतो, तोंडाला फेस येतो. बघ्यांपैकी निम्मे मोबाइल काढतात. मागून गाडीला खांदा लावणारे किती? चाकामागे दगड सरकवणारे किती?

भूतदयेचं व्याख्यान नंतर द्या. आधी दगड सरकवा.

गाडीवानाला शिव्या घालणं सोपं आहे. त्याची मजुरी टनावर ठरते आणि अंगावर मुकादमाची उचल असते. तो चार मोळ्या कमी भरेल, तर चूल कुणाची थंड पडेल? म्हणून प्रश्न कारखान्याला विचारायला हवा. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ पासून केंद्राचे नियम आहेत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. पारा ३७ अंशांवर असेल, तर दुपारी १२ ते ३ जुंपायचं नाही. टोकदार आर लावलेली पराणी चालत नाही. हे नियम कारखान्याच्या गेटवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले कुणी पाहिलेत?

सांगली जिल्ह्यातल्या राजारामबापू इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांनी २०२२ साली जोखडाखाली बसवायचा चाकाचा आधार तयार केला. नाव ठेवलं ‘सारथी’. मानेवरचा भार चाकावर जातो, बैलाला फक्त ओढायचं काम राहतं. कौतुक झालं, फोटो फिरले. साखर कारखान्यांनी ठरवलं तर हे चाक प्रत्येक गाडीला लागू शकतं. साखरेचा उतारा दशांशात मोजणाऱ्यांना एक चाक जड जावं?

गाईचं काय? महाराष्ट्र सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी देशी गाईला ‘राज्यमाता’ म्हटलं. आपण आपलं उरलेलं अन्न पिशवीत घालून, वर घट्ट गाठ मारून तिच्यासमोरच्या उकिरड्यावर फेकतो. वास आतून येतो, गाठ तिला सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. प्लॅस्टिक पोटात साठत जातं आणि चाऱ्याची जागा खातं. सोबत तार किंवा खिळा गेला, तर तो पोटाचा पडदा फोडून हृदयापर्यंत पोचू शकतो. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी आहे. पण ती गाठ आपल्या हातांनी मारली जाते. साली, देठं, शिळी पोळी वेगळ्या डब्यात ठेवायला कुठला शासन निर्णय हवा?

घाटात गाडी थांबवून माकडांना वेफर्स देणारे दानशूर दर रविवारी भेटतात. वरंधा घाट घ्या, सिंहगड घ्या. माकड जंगलातलं खाणं सोडून रस्त्यावर बसायला शिकतं. पुढच्या वळणावरून येणारी गाडी थांबतेच असं नाही. दानशूर तोवर घरी पोचलेले असतात.

कबुतरांचंही तेच. दादरचा कबुतरखाना २०२५ मध्ये बंद झाला तेव्हा केवढा गदारोळ! श्वासाचे विकार होतात, असं डॉक्टर सांगत होते. शेजाऱ्याच्या फुप्फुसाच्या खर्चाने पुण्य कमवायचं, हा कुठला धर्म? चिमण्या-बुलबुलांसाठी पसरट भांड्यात पाणी ठेवा. रोज घासा, रोज बदला, नाहीतर डास पाळाल.

आणि घरातला मिठू? आपल्या रानातला पोपट पिंजऱ्यात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, हे निम्म्या घरांना ठाऊक नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. पन्नास वर्षं उलटून गेली. तरी बाजारात पिल्लं मिळतात, कारण घेणारे आपण आहोत. भरभराटीसाठी काचेच्या पेटीत ठेवलेलं तारा कासव? तेही याच कायद्याखाली येतं. ‘विठू विठू’ म्हणणारा पक्षी गोड वाटतो. मोकळे पोपट संध्याकाळी थव्याने ओरडत वडाकडे परततात, ते कधी थांबून ऐकलंय? मात्र घरचा पोपट असाच खिडकीतून उडवून देऊ नका, त्याला खाणं शोधता येत नाही. वन खात्याला कळवा.

पाळीव कुत्र्यांचे लाड तर बघायलाच नकोत. वाढदिवसाला केक आणि मे महिन्यात भर दुपारी डांबरी रस्त्यावर फेरी. मालकाच्या पायात बूट, कुत्र्याचे तळवे उघडे. तळहाताची मागची बाजू पाच सेकंद डांबरावर ठेवा. तुम्हाला सोसलं नाही तर त्यालाही सोसणार नाही. पहाटे उठा.

पावसाळ्यात मांजराची पिल्लं ऊब शोधत इंजिनाजवळ जाऊन बसतात. चावी फिरवण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. एवढंच.

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली. संक्रांत एका दिवसाची, पण झाडात अडकलेला धागा पावसाळ्यापर्यंत तसाच लोंबतो. घारी, घुबडं, वटवाघळं त्यात अडकून तडफडतात. मुलाला साधा सुती दोरा घेऊन द्या. पतंग कटला म्हणून कुणाचं बालपण वाया गेलंय का?

आता बिबट्या. जुन्नर, शिरूर भागात त्याने माणसं मारली आहेत, पोटची मुलं गेली आहेत. तिथल्या माणसाची भीती खोटी नाही आणि शहरात बसून त्याला प्राणिप्रेम शिकवण्याचा अधिकार कुणाला नाही. पण उसाचा फड तोडताना पिल्लं सापडतात, तेव्हा काय होतं ते बघा. मांजराएवढी, डोळे जेमतेम उघडलेले. पाच मिनिटांत गर्दी होते. कुणी मांडीवर घेतो, कुणी दूध पाजायला बघतो, कुणी मुलाच्या हातात देऊन फोटो काढतो. इकडे मादी शेजारच्या फडात दबा धरून बसलेली.

वन खात्याची माणसं येतात. पिल्लं तपासतात, क्रेटमध्ये ठेवतात आणि संध्याकाळी क्रेट नेमक्या त्याच जागी नेऊन ठेवतात. कॅमेरा लावतात आणि निघून जातात. अंधार पडला की मादी येते, मानगुटीला धरून एकेक पिल्लू उचलून नेते. जुन्नर भागात हे कितीतरी वेळा घडलंय. यासाठी गावाने करायचं काय? पिल्लांना हात लावायचा नाही, वन खात्याला फोन करायचा आणि त्या रात्री बांधाकडे फिरकायचं नाही. पिल्लं गायब झाली तर मादी त्याच शिवारात शोधत फिरते आणि धोका गावालाच वाढतो.

विहिरीला कठडा बांधा. बिबट्या पडतो, कोल्हा पडतो, शेळी पडते, शाळेतून येणारं पोरही पडतं. कठडा जात-प्रजात विचारत नाही.

जखमी जनावर दिसलं की गटावर फोटो टाकून हात जोडण्याऐवजी दोन आकडे पाठ करा. पाळीव जनावर असेल तर १९६२, फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी. रानातला जीव असेल तर १९२६, वन खात्यासाठी. दोन्ही मोबाइलमध्ये आत्ताच घालून ठेवा, वेळेवर आठवत नाहीत.

राहता राहिला कायदा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. जनावराला मारहाण केली, उपाशी ठेवलं, झेपणार नाही एवढं ओझं लादलं, तर पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. ठार मारलं किंवा जायबंदी केलं तर वेगळं, कडक कलम आहे. पण रोजच्या छळाची किंमत ही. दहा रुपयांत आज वडापावही येत नाही. दंड वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा २०२२ मध्ये लोकांपुढे ठेवला गेला, सूचना मागवल्या गेल्या. पोळ्याच्या मिरवणुकीत बैलाच्या शिंगांशेजारी उभे राहून फोटो काढून घेणारे खासदार पुढच्या खेपेला दारात आले, की एवढंच विचारा: साहेब, त्या पन्नास रुपयांचं काय झालं?