लंडनचा शिक्का, न्यूयॉर्कचा दर

मुलगा न्यू जर्सीत स्थिरावला की आईवडिलांच्या अमेरिकावारीत नायगारा, व्हाइट हाउस आणि 'एक तरी ब्रॉडवे' हे ओघानं आलंच. धबधबा निवडावा लागत नाही, नाटक मात्र निवडावं लागतं. तिथं मराठी रसिकाचा ठरलेला तोडगा असतो : "लंडनहून आलेलं बघू. इंग्रजांचं नाटक म्हणजे चोख!"

आधी हे 'इंग्रजांचं' जरा खरवडून पाहू. 2022 मध्ये सर्वोत्तम नाटकाचं टोनी पटकावणाऱ्या 'द लेहमन ट्रिलॉजी'चा मूळ लेखक स्टेफानो मासिनी हा इटलीचा. 'वॉर हॉर्स'चे बाहुली-घोडे दक्षिण आफ्रिकेतल्या हँडस्प्रिंग कंपनीचे. 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे' सिडनीत जन्मलं आणि लंडनमार्गे न्यूयॉर्कला पोचलं.

बरं, हा शिक्का यशाची तरी हमी देतो का? दाभोळकृपेनं आपल्याला तोंडपाठ असलेल्या 'एन्रॉन'वरच्या नाटकानं 2009 साली लंडन गाजवलं. 2010 मध्ये ब्रॉडवेवर त्याचा पडदा उघडला आणि दोन आठवड्यांच्या आत गाशा गुंडाळला गेला. अमेरिकी कंपनीची अब्रू परक्यांनी काढलेली रुचली नाही म्हणावं, तर लेहमनच्या दिवाळ्याला त्याच न्यूयॉर्कनं टाळ्या वाजवल्या!

खरी चाळणी वेगळीच आहे. लंडनची नाटकं ब्रॉडवेवर दोन वाटांनी येतात. पहिली वाट नटाच्या खांद्यावरून. त्याच्या दोन शूटिंगांच्या मधल्या फटीत बसतील तेवढेच आठवडे. 2015 साली हेलन मिरेन 'द ऑडियन्स' घेऊन आल्या, बिल नाय आणि कॅरी मलिगन 'स्कायलाइट' घेऊन. कामं उत्तमच, मिरेनना टोनीही मिळालं. पण खिशाला परवडणाऱ्या बाल्कनीतून ही थोर मंडळी अंगठ्याएवढी दिसतात. चेहराच बघायचा, तर या दोन्हींचे लंडनमधले प्रयोग 'नॅशनल थिएटर लाइव्ह'नं जगभरच्या चित्रपटगृहांत पोचवले होते. 'लाइव्ह'चे असे खेळ मुंबईत एनसीपीएमध्येही होतात. नरिमन पॉइंटला व्हिसा लागत नाही.

दुसरी वाट बिननावाची. 2014 मध्ये 'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' आलं, तेव्हा ब्रॉडवेवरचा त्याचा नायक अ‍ॅलेक्स शार्प नुकताच ज्युलिअर्ड नाट्यशाळेतून बाहेर पडलेला पोरगा होता. पुढच्या वर्षी टोनी त्यालाही मिळालं, नाटकालाही. नंतर नट बदलले, पण नाटक जवळपास दोन वर्षं टिकलं. 'वॉर हॉर्स' 2011 च्या वसंतात आलं आणि 2013 च्या जानेवारीपर्यंत चाललं. त्याचा नायक वेताचा. तो मुलाखती देत नाही आणि शूटिंग आहे म्हणून प्रयोग सोडून जात नाही.

म्हणून तिकीट काढण्यापूर्वी स्वतःला एवढंच विचारावं : उद्या यातला नट बदलला, तरी मी जाईन का? उत्तर 'नाही' असेल, तर तुम्ही नाटकाला नव्हे, व्हीआयपी दर्शनाला निघाला आहात. ब्रॉडवेच्या हिशेबनिसांना हे आधीच कळलेलं आहे. ज्याचं नाव नाटकाच्या नावाच्याही वर छापलंय, तो नट त्या दिवशी आलाच नाही, तर प्रेक्षकाला पैसे परत मागता येतात. नाटक मात्र तेच, संवाद तेच, नेपथ्यही तेच! दुकानदारच सांगतोय की आपण विकलं काय.

आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत नटाच्या नावाखाली 'अमुक मालिका फेम' छापलेलं दिसलं की हाच रसिक नाक मुरडतो. तिकडं ती मालिका नेटफ्लिक्सवरची निघाली की डॉलर मोजतो आणि परतल्यावर त्यालाच अभिरुची म्हणतो.