बाल्कनीतले कॅप्टन

कॅप्टन ही पदवी त्यांना कुणी दिलेली नसते. दिवसा ते बँकेत किंवा आयटीत असतात आणि रात्री जेवणं आटोपली की बंदिस्त केलेल्या बाल्कनीत संगणकावर बोईंग ७३७ चालवतात. तिथे पूर्वी वॉशिंग मशिन होतं. ते बाथरूममध्ये कसं गेलं, हा विषय घरात कुणी काढत नाही.

विमान पुण्याहून दिल्लीपर्यंत नेण्यात कॅप्टनना रस नाही. ते ऑटोपायलट करतो. तेवढ्यात कॅप्टन भांडी आवरतात. त्यांचा जीव अडकलेला असतो शेवटच्या हजार फुटांत. तिथे एकच प्रश्न : ऑटोथ्रॉटल ठेवायचं की काढायचं?

हा प्रश्न आपल्याला पडत नाही, म्हणून कॅप्टन तो समजावून सांगतात. ठरवलेला वेग राखायला इंजिनांची ताकद आपोआप कमीजास्त करतं ते ऑटोथ्रॉटल. पण ७३७ची इंजिनं पंखांखाली. ताकद वाढली की नाक वर, घटली की खाली. नाक तुम्ही हाताने सांभाळायचं आणि ताकद यंत्राने परस्पर बदलायची, म्हणजे एका कढईत दोघांनी मीठ घालण्यातला प्रकार. म्हणून ऑटोपायलट सोडलात की ऑटोथ्रॉटलही सोडा, असं बोईंगचंच सांगणं. मग कॅप्टन ॲमस्टरडॅमवर येतात. २००९ साली तुर्की एअरलाइन्सच्या ७३७चं उंची मोजणारं एक यंत्र चुकीचा आकडा दाखवू लागलं. विमान टेकतंय असं समजून ऑटोथ्रॉटलने हवेतच ताकद काढून घेतली. घसरता वेग वैमानिकांच्या वेळेत लक्षात आला नाही. नऊ माणसं गेली. इथे कॅप्टन चेष्टा खपवून घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

घोळ आहे तो टेबलावर. खऱ्या ७३७मध्ये ऑटोथ्रॉटल चालू असलं की इंजिनांची ताकद ठरवणारे लिव्हर आपणहून पुढेमागे सरकतात. कॅप्टननी हौसेने मागवलेल्या प्लॅस्टिकच्या लिव्हरना मोटर नसते. पडद्यावरचे लिव्हर निम्म्यावर, टेबलावरचे पार मागे. अशात ऑटोथ्रॉटल काढलं की इंजिनं टेबलाचं ऐकतात आणि विमान पाचशे फुटांवर बसायला लागतं. कॅप्टन लिव्हर ढकलतात. जेट इंजिनाला ताकद घ्यायला काही सेकंद लागतात, तेवढा धीर कुठला? आणखी ढकलतात. मग सगळी ताकद एकदम येते, नाक आभाळात आणि १४० नॉटचा काटा १६५वर.

“वारा आहे,” कॅप्टन पुटपुटतात.

“अहो, मग पंखा बंद करू का?” आतून आवाज येतो.

एअरबसवाल्यांशी त्यांचं जमत नाही. ए-३२०मध्ये ऑटोथ्रॉटलसारखी यंत्रणा बहुधा टेकेपर्यंत चालू, लिव्हर जागचे हलत नाहीत आणि वीस फुटांवर ‘लिव्हर मागे घ्या’ अशी आठवण विमानच करून देतं. विमानाने हुकूम सोडायचा आणि कॅप्टनने ऐकायचा? त्यापेक्षा रिक्षा बरी, निदान रिक्षावाला कुणाचं ऐकत नाही.

खऱ्या विमानात मात्र त्यांना प्रवासी म्हणूनच बसावं लागतं. सीट पंखाच्या मागची, कान इंजिनाकडे. उतरताना आवाज जरा खालीवर झाला, की ते शेजाऱ्याकडे झुकून म्हणतात, “काढलं बरं का!”

“काय काढलं?” शेजारी दचकतो.

मग कॅप्टन त्याला ॲमस्टरडॅमपासून सांगायला घेतात.