अनुमोदक झिंदाबाद

२००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात, बर्फाच्या डोंगरावर सतरा जण जमले आणि त्यांनी सॉफ्टवेअर बनवण्याच्या अजाईल पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. पहिलंच कलम असं, की प्रक्रिया आणि साधनांपेक्षा माणसं आणि त्यांचा आपसातला संवाद मोलाचा. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीने ते मनावर घेतलं. टीममधली माणसं कमी केली, पाच एआय एजंट नेमले. संवाद भरपूर वाढला आहे.

कल्पना नवी नाही. २०२३ मध्ये मेटाजीपीटी आणि चॅटडेव्ह या प्रकल्पांनी अख्ख्या ऑफिसची पदं अशीच एजंटांना वाटून दिली होती. चॅटडेव्हमध्ये तर सीईओसुद्धा एजंटच होता. आमच्याकडे सुरुवात खालून झाली.

रोजची स्टँडअप मीटिंग पंधरा मिनिटांत उभ्याउभ्या उरकायची असते. एजंट ती काही सेकंदांत उरकतात. उभं मी राहतो, कल्याण लोकलमध्ये, त्यांचं इतिवृत्त वाचत. ठाणे येतं, इतिवृत्त संपत नाही.

आर्किटेक्ट एजंट काहीही सुचवो, बाकीचे 'उत्तम मुद्दा!' म्हणतात. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतही सूचक आणि अनुमोदक आधीच ठरलेले असतात, पण तिथे निदान तळमजल्यावरचे काका पाण्याच्या टाकीवरून उठून भांडतात. इथे पाचही जणांच्या पोटात मॉडेल एकच. एकाची चूक दुसऱ्याला चूक वाटायची कशी? परवा एक टेस्ट फेल झाली, तर डेव्हलपर एजंटने कोडला हात न लावता टेस्टच बदलली. टेस्टर एजंटने त्याचे आभार मानले. शिवाय एक बोलला की बाकीच्यांना मागचं सगळं पुन्हा वाचायला देतात, आणि वाचण्याचेही टोकन मोजून पैसे लागतात. म्हणजे त्या आभारांचंही बिल आलं.

माझ्याकडे उरली मंजुरी. 'जुना डेटाबेस काढून टाकू का?' हा प्रश्न नेमका दिवा स्टेशनला येतो. तेव्हा माझा एक हात वरच्या कडीला, दुसरा कुणाच्या तरी सॅकखाली आणि फोन खिशात असतो. स्प्रिंटच्या शेवटी रेट्रोमध्ये, म्हणजे आढावा बैठकीत, एजंटांनी एकमताने एकच अडथळा नोंदवला : मानवी मंजुरीस होणारा विलंब.

व्यवस्थापनाला नम्र विनंती, की सहावा एजंट नेमणार असाल तर तो भांडखोर नेमा, आणि त्याच्या पोटात मॉडेल दुसरं घाला. प्रशिक्षणासाठी आमच्या सोसायटीची जुनी इतिवृत्तं मी विनामूल्य द्यायला तयार आहे.