लेकरांसाठी बघायलोत

परभणीत मे महिन्यात दोन गोष्टी चढतात. एक पारा आणि दुसरा घरं बघणाऱ्यांचा राबता. पाऱ्याची नोंद कृषी विद्यापीठ ठेवतं, आणि तो ४४ च्या पुढं गेला की दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. घरं बघणाऱ्यांची नोंद कुणी ठेवत नाही. माझं घर कॉलनीच्या तोंडाशी असल्यामुळं ते काम आपोआप माझ्याकडं आलंय.

त्यांना आपण सर म्हणू. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी असतील, बँकेत बदलून आलेले असतील, नाहीतर कृषी सहायक असतील. परभणीत शर्ट पँटीत खोचला की माणूस सर होतो, त्याला वेगळी पदवी लागत नाही. आपले सर गुरुजी आहेत असं धरू. रविवारी सकाळी ऊन तापायच्या आत सरांची मोटारसायकल निघते. टाकीवर धाकटा, मधे थोरली, मागं मॅडम. सरांच्या डोक्याला पांढरी दस्ती, खिशाला दोन पेनं. गाडी अनोळखी फाटकासमोर थांबते, पण बंद होत नाही.

“काका, इथं पाणी कितव्या दिवशी येतं?”

आमच्याकडं ओळखीची सुरुवात अशी होते. नाव-गाव मागून. मी म्हणतो, आठव्या दिवशी, कधी दहाव्या, आणि तिकडं कुठं पाइप फुटला तर विचारू नका. सर मान डोलावतात. मग एक पाय जमिनीवर टेकवून ते वाक्य बोलतात, ज्याच्यावर त्यांची सगळी मोहीम उभी असते.

“लेकरांसाठी बघायलोत हो. आमचं काय, आम्ही कुठंबी राहिलो असतो.”

या ‘कुठंबी’त काय काय बसत नाही ते पुढच्या अर्ध्या तासात कळतं. दार पूर्वेला पाहिजे. जिना बाहेरून नको. वर घरमालक नको, खाली दुकान नको. गाडी लावायला जागा पाहिजे. चारचाकी अजून घेतलेली नाही, पण जागा पाहिजे.

सरांकडं दोनशेपानी वही असते. तिच्यात उभ्या रेघा मारून रकाने पाडलेले असतात: पाणी, नाली, रस्ता, लाइट, शाळा, शिकवणी, दवाखाना, कुत्री. प्रत्येक कॉलनीला शंभरपैकी गुण. शिक्षकी पेशामुळं कुणाला सरळ नापास करवत नाही. एका कॉलनीला रस्त्यात शून्य मिळाले होते, पण ‘रस्ता मंजूर आहे’ असं कुणीतरी सांगितल्यावर सरांनी तिला पाच गुण वाढवून दिलेले मी डोळ्यांनी बघितलेत.

बाहेरून आलेल्याला आधी हे शहर कळावं लागतं, आणि ते रस्त्यांच्या नावांनी कळतं. वसमत रोड, जिंतूर रोड, पाथरी रोड, गंगाखेड रोड. १ मे १९९९ ला हिंगोली जिल्हा वेगळा झाला, वसमत तिकडं गेलं, पण वसमत रोड आमच्याकडंच राहिला, आणि बरं झालं राहिला, कारण सगळ्यांना तोच हवा असतो. तिकडं काळी कमान, तिकडं विद्यापीठ. १९७२ साली, म्हणजे ऐन दुष्काळात, हे विद्यापीठ उभं राहिलं आणि तेव्हापासून त्या बाजूला राहणारा माणूस थोडा सावलीत असल्यासारखा बोलतो. सकाळी फिरायला झाडं आहेत, शेजारी प्राध्यापक आहेत, गल्लोगल्ली शिकवण्या आहेत. भाडंही त्या मानानं. सर तिथं एक चक्कर मारून येतात, मोठा श्वास घेतात आणि वहीत भाड्याचा नवा रकाना पाडतात.

मग जुनं शहर. नानलपेठेत बाल विद्यामंदिर, भाजीला गुजरी बाजार पायी, रात्री लेकराला ताप आला तर डॉक्टर हाकेच्या अंतरावर. खरं सांगायचं तर लहान लेकरं असलेल्या घराला याहून जास्त काही लागत नाही. पण सर म्हणतात, “गल्ली अरुंद आहे, काका. ओपन स्पेस नाही.” सर स्वतः ज्या गावात वाढले तिथं घरासमोर बैल बांधलेले असत आणि ओपन स्पेसला शेत म्हणत. ते सोडून आले, आता ती मोकळी जागा चौरस फुटात शोधायची.

ती सापडते लेआउटमध्ये. नव्या लेआउटच्या नकाशावर मोकळ्या जागेचा हिरवा चौकोन असतो. जागेवर गेलं की तिथं वेड्या बाभळी, चार शेळ्या आणि कुणाच्या तरी बांधकामाची वाळू. सोबत एजंट. एजंटाचं घड्याळ निराळं असतं, त्याच्यात सगळं पाच मिनिटांवर आहे. स्टेशन पाच मिनिटं, बसस्टँड पाच मिनिटं. २०२३ ला सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेही चारही रस्त्यांवरच्या प्रत्येक प्लॉटपासून पाच मिनिटांवर. आता जालना-नांदेड समृद्धीचा रस्ता जिल्ह्यातून जाणार आहे, तोही पाचच मिनिटं. सर विचारतात, “एनए आहे का?” एजंट म्हणतो, “होऊन जातंय, सर.” सर विचारतात, “म्हणजे गुंठेवारी?” एजंट दुखावल्यासारखा बघतो. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एवढं सरांना पाठ आहे. २००१ साली गुंठेवारी नियमित करायचा कायदा झाला आणि २०२१ ला त्याची मुदत २०२० अखेरच्या बांधकामांपर्यंत पुढं नेली, हेही सरांनी वाचलंय. त्यामुळं एजंटाला वाटतं हे तलाठी आहेत आणि तो चहा मागवतो.

सरांची खरी परीक्षा मात्र जमीन घेते. आमची जमीन काळी. कापसाला सोनं आणि घराला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि वरच्या भिंतीला तिच्या मागं जावं लागतं. त्यामुळं परभणीचा जाणता माणूस घरात शिरला की आधी फरशी बघत नाही, खिडकीचे कोपरे बघतो. तिथून तिरपा तडा गेलेला असला की, “पाया मुरमाला लागला नव्हता वाटतं.” सर प्रत्येक तड्यात नख घालून बघतात. मालक म्हणतो, ती प्लॅस्टरची भेग आहे. मालकाचं नख त्यात कधी गेलेलं नसतं.

सर हे सगळं करत असतात तेव्हा मॅडम कुठं असतात? मॅडम शेजारच्या ओट्यावर असतात. त्यांच्याकडं वही नाही. त्या एकच विचारतात, “ताई, बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजते का वो?” पाणी जड असलं की डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेऊन तशीच राहते, हे ज्याला माहीत आहे त्याला प्रयोगशाळेचा कागद लागत नाही. शेजारच्या ताई म्हणतात, “कशाचं शिजतंय! नळाचं पाणी जपून ठेवतो डाळीला.” मग तिथून पुढं केस गळतात का, मोलकरीण मिळते का, समोरच्या घरात भांडणं होतात का, मागच्या भाडेकरूनं घर का सोडलं, ऑटोवाले मामा लेकरांना दारात सोडतात का कोपऱ्यावर, इतकं सगळं निघतं. सर तड्यातून नख बाहेर काढेपर्यंत मॅडमचा निकाल लागलेला असतो. त्या तो लगेच जाहीर करत नाहीत, एवढंच.

लेकरांचाही निकाल लागलेला असतो. त्यांची वही त्याहून छोटी. जिथं वाळूचा ढीग, तिथं राहायचं. ढिगात कुत्रीची पिल्लं असली तर आजच राहायला यायचं. ज्यांच्यासाठी बघायलोत त्यांना कुणी अजून विचारलेलं नाही. धाकट्यानं “इथंच, इथंच” म्हणून वाळूत बसकण मारली की सर त्याला उचलतात, चड्डी झटकतात आणि वहीत ‘कुत्री’च्या रकान्यात तीन गुण कापतात.

शाळेचा रकाना सगळ्यांत मोठा आणि त्यात खाडाखोडही सगळ्यांत जास्त. सेमी का इंग्रजी, स्टेट का सीबीएसई. सर स्वतः मराठी शाळेत शिकवतात. चांगलं शिकवतात, त्यांच्या वर्गातली पोरं स्कॉलरशिपला बसतात. मी विचारलं, “मग तुमच्याच शाळेत घाला की लेकरं.” सर हसले. “आमची शाळा चांगलीच आहे, काका,” म्हणाले आणि पुढचं वाक्य शोधता शोधता त्यांनी गाडीचा आरसा पुसून घेतला.

इथं एक नाजूक गोष्ट आहे. कागदावर सर परभणीत राहतच नाहीत. शिक्षकानं शाळेच्या गावी मुक्कामी राहावं असा नियम आहे, घरभाड्याचा भत्ता त्याच्यावर अवलंबून, आणि सर गावातच राहतात असा ग्रामसभेचा ठराव फायलीला लावलेला आहे. गावकरी समजूतदार आहेत, ठरावाला कुणी हात वर करायला कचरत नाही. त्यामुळं सर रोज अप-डाऊन करतात आणि शाळा जर जिंतूरच्या बाजूला असेल तर घर जिंतूर रोडलाच सोयीचं पडतं, हे उघड आहे. मॅडमची बहीण वसमत रोडला राहते, हेही उघड आहे. दोनशेपानी वही या दोन रस्त्यांच्या मधे कुठंतरी अडकलेली असते. बेरीज करायची वेळ आली की जिंतूर रोडला ‘हवा मोकळी’ म्हणून दहा गुण मिळतात आणि मॅडम म्हणतात, “लेकरांना मावशी जवळ पाहिजे.” लेकरांसाठीच्या वादात लेकरांचीच साक्ष काढल्यावर सरांजवळ उत्तर उरत नाही.

घर वसमत रोडला मिळतं.

म्हणजे मिळायच्या आधी घरमालक मुलाखत घेतात. गाव कोणतं, आडनाव काय, खाणं कसं आहे. पहिल्या प्रश्नात त्यांना रस नसतो. दुसऱ्याचं उत्तर मनासारखं नसलं की खोली अचानक पुतण्याला दिलेली निघते. या शहरात कितीतरी शिकल्यासवरल्या, वेळेवर भाडं भरणाऱ्या माणसांनी ते पुतणे ऐकलेत. विनोदी लेखात हे लिहू नये म्हणतात, पण कॉलनी निवडण्याबद्दल बोलायचं आणि कॉलनीच माणसं निवडते हे गाळायचं, तर मग वही सरांचीच बरी. सर त्या प्रश्नातून पार पडतात आणि सुटकेचा श्वास सोडतात. मालकाला असं विचारायला नको होतं, हे त्यांच्या मनात येत असेल तर तोंडावर दिसत नाही.

शेवटचा प्रश्न येतो, “लहान लेकरं आहेत का? दंगा करतात का?”

“अजिबात नाही. आहेत का नाहीत कळत नाही घरात,” सर सांगतात. त्या क्षणी धाकटा फाटकाला लोंबकळून झोके घेत असतो आणि थोरली मालकाच्या कढीपत्त्याची पानं मोजून घेत असते.

दोन-तीन वर्षांत सर त्याच कॉलनीत पुढच्या गल्लीला प्लॉट घेतात, बँकेचं कर्ज काढून बांधतात. पाया मुरमापर्यंत नेतात, तिथं त्यांनी कुणाचं ऐकलं नाही आणि घर अजून सरळ उभं आहे. मग ते कॉलनीच्या समितीत जातात. गतिरोधक करवून घेतात. ओपन स्पेसमधल्या बाभळी तोडून तिथं फरशी बसवतात, कुंपण घालतात आणि पोरं चेंडू आणतात म्हणून कुलूप. फेब्रुवारीत उरूस भरला की लेकरं पाळण्याचा हट्ट धरतात, तेव्हा “गर्दी फार आहे, रविवारी बघू” म्हणतात. आणि रविवारी एखादी मोटारसायकल फाटकासमोर थांबली, टाकीवर पोरगं, मागं बायको, की सर बाहेर येऊन काळजीच्या सुरात सांगतात, “इथं पाण्याचा लई त्रास आहे, बघा. तुम्ही कारेगाव रोडला बघा. तिकडं मोकळं आहे, लेकरांना बरं.”

थोरली दहावी झाली त्या उन्हाळ्यात वही पुन्हा निघाली. या वेळी लातूर. लातूर पॅटर्न, नीट, क्लासपासून पायी अंतरावर फ्लॅट, मेस, आणि पुन्हा पहिला रकाना पाणी, कारण २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं हे सर विसरलेले नव्हते. मॅडम दोन्ही लेकरांना घेऊन तिकडं गेल्या. सर शनिवारी जातात, सोमवारी परततात. विचारलं की म्हणतात, “लेकरांसाठी, दुसरं काय.”

परभणीतला खालचा मजला आता त्यांनी भाड्यानं काढलाय. दार पूर्वेला, चारचाकीला जागा, जिना आतून. अट एकच ठेवलीय, नवरा-बायको दोघंच पाहिजेत, लहान लेकरं असणाऱ्यांनी येऊ नये.

तेव्हा बदलीची ऑर्डर हातात असलेल्या वाचकहो, सरांचं घर सोडून बाकी परभणी तुमचीच आहे. बघायला मात्र मेमध्ये येऊ नका, जुलैत या, म्हणजे चिखल आणि तडे दोन्ही एका चकरेत दिसतील. आणि भाडं ठरवायच्या आधी डाळीचं तेवढं शेजारी विचारून घ्या.